अंगणातील वृक्षाची निवड

घर बांधताना माणूस प्रत्येक गोष्टीची कसून चौकशी करतो. विटा कोणत्या भट्टीच्या घ्याव्यात, दारासाठी सागवान परवडेल की नाही, भिंतींना कोणता रंग द्यावा, या प्रश्नांवर कुटुंबात दिवसेंदिवस चर्चा चालते. अंगणातील झाडाचा विचार मात्र सर्वांत शेवटी होतो. घराचे काम संपले की कोणीतरी रोपवाटिकेत जातो, समोर मांडलेल्या रोपांतून दिसायला टवटवीत अशी चार रोपे उचलतो आणि संध्याकाळपर्यंत ती मातीत लावून मोकळा होतो. वास्तविक पाहता हा क्रम उलट असायला हवा. भिंतीचा रंग पाच वर्षांनी बदलता येतो. झाड बदलता येत नाही. आज लावलेला बकुळ नातवंडांच्या काळात ऐन भरात येतो. शिवाय मोठे झालेले झाड स्वतःच्या अंगणात असले, तरी मालकाला ते मनास येईल तेव्हा तोडता येत नाही. महाराष्ट्राच्या शहरी भागांत १९७५ च्या आणि दिल्लीत १९९४ च्या कायद्यानुसार त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे ही निवड पुष्कळ वर्षांसाठी केलेली असते आणि तिचे परिणाम पुढच्या पिढीलाही भोगावे लागतात.

असे असूनही झाड निवडताना ग्राहक साधारणपणे तीनच गोष्टी विचारतो : झाड बारा महिने हिरवे राहील का, ते लवकर वाढेल का आणि ते कचरा तर करणार नाही ना? या तिन्ही अपेक्षा वरवर पाहता रास्त वाटतात. परंतु त्यांचा एकत्र विचार केला, तर त्या पडद्याकडून किंवा रंगवलेल्या भिंतीकडून करावयाच्या अपेक्षा आहेत, हे लक्षात येते. वृक्ष हा सजीव आहे. तो मुळे पसरणार, पाने गाळणार, फुलणार, फळणार, पाखरांना व किड्यामुंग्यांना आसरा देणार. हे सारे नाकारून केवळ त्याची हिरवाई मागणे म्हणजे त्याचे झाडपणच नाकारणे होय. अशा मागणीतून निवडलेले झाड बहुधा दहा-पंधरा वर्षांत नकोसे होते आणि अखेर त्याच्यावर कुऱ्हाड चालते.

प्रथम 'सदाहरित' या शब्दाचा अर्थ समजून घेतला पाहिजे. सदाहरित झाड पाने गाळतच नाही, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. आंबा, फणस, बकुळ, नागकेशर हे सारे सदाहरित वृक्ष पाने गाळतात. मात्र ती एकाच वेळी गाळत नाहीत. जुनी पाने थोडीथोडी गळत असतात आणि नवी येत असतात, म्हणून झाड कधीही उघडे पडलेले दिसत नाही. याउलट पानझडी वृक्ष ठरावीक ऋतूत बहुतेक सर्व पाने उतरवून टाकतात. तेव्हा अंगण झाडण्याचे काम दोन्ही प्रकारच्या झाडांखाली असतेच. एकाखाली ते रोज थोडे असते, दुसऱ्याखाली वर्षातून काही आठवडे भरपूर असते. कचरा टाळण्यासाठी सदाहरित झाड लावणाऱ्याचा म्हणूनच हमखास अपेक्षाभंग होतो.

वरील तिन्ही अपेक्षा पूर्ण करणारे झाड निवडले की काय घडते, याचे बोलके उदाहरण कोनोकार्पस या झाडाचे आहे. मूळचे परदेशातील हे झाड अत्यंत वेगाने वाढते, वर्षभर हिरवेगार राहते, छाटले की दाट भिंतीसारखे होते आणि फारशी देखभाल मागत नाही. या गुणांमुळे गेल्या काही वर्षांत गुजरात, तेलंगण आणि इतर राज्यांतील रस्ते, बागा व नव्या वसाहती त्याच्या रांगांनी भरून गेल्या. पुढे त्याची मुळे पाण्याच्या व सांडपाण्याच्या नळांत आणि जमिनीखालच्या तारांत शिरत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. त्याच्या परागांमुळे श्वसनाचा त्रास होत असल्याचेही पुढे आले. अखेर २०२३ मध्ये गुजरात शासनाने त्याच्या लागवडीवर बंदी घातली. काल जे झाड आदर्श म्हणून विकले जात होते, तेच आज काढून टाकण्याची भाषा होऊ लागली. यात झाडाचा दोष तो काय? ते आपल्या स्वभावानुसार वाढले. त्याचा वेग सर्वांनी पाहिला. तो वेग जमिनीखालीही असणार, हा विचार कोणी केला नाही.

दुसरे उदाहरण आपल्या नित्य परिचयाचे आहे. गृहनिर्माण संस्थांच्या कुंपणालगत सैनिकांसारखी उभी असलेली उंच, निमुळती, खाली झुकलेल्या पानांची झाडे देशातील बहुतेक शहरांत दिसतात. लोक त्यांना अशोक म्हणतात. वास्तविक हा हिरवा अशोक किंवा आसुपालव होय. रामायणातील अशोकवनाशी ज्याचे नाव जोडले जाते, तो सीतेचा अशोक निराळा. खरा अशोक मध्यम उंचीचा, पसरट आणि गर्द सावलीचा असतो. त्याची कोवळी पालवी तांबूस रंगाची व मलूल झाल्यासारखी लोंबणारी असते आणि नारिंगी-तांबड्या सुगंधी फुलांचे गुच्छ थेट फांद्यांवर येतात. संस्कृत कवींनी गौरवलेला आणि आयुर्वेदाने औषधी मानलेला हा वृक्ष सालीसाठी झालेल्या तोडीमुळे रानातून विरळ होत चालला आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर त्याची गणना धोक्यात आलेल्या वनस्पतींत केली जाते. घराच्या अंगणात, थोडी सावली व पुरेसा ओलावा मिळेल अशा जागी, तो उत्तम वाढू शकतो. तरीही 'अशोक हवा' असे म्हणणाऱ्याच्या हाती बहुधा आसुपालवच पडतो. आसुपालवही काही टाकाऊ झाड नव्हे. तो याच देशातला आहे. त्याची फळे कोकिळा आणि वटवाघळे आवडीने खातात. गुजरातेत त्याच्या पानांची तोरणे बांधतात. परंतु त्याच्या निमुळत्या प्रकाराखाली उन्हात थांबलेल्या माणसाला सावली मिळत नाही. कमी जागेत हिरवी रांग हवी असेल, तर तो योग्य. सावलीसाठी झाड हवे असेल, तर अयोग्य. नाव सारखे म्हणून झाड सारखे ठरत नाही, एवढा बोध यातून घेतला तरी पुरेसा आहे.

शोभेच्या झाडांच्या बाबतीत मोह आणखी प्रबळ असतो. ऐन वैशाखात पेटून उठणारा गुलमोहर कोणाला मोहात पाडणार नाही? मादागास्कर बेटावरून आलेला हा वृक्ष एकोणिसाव्या शतकात भारतात रुजला आणि इतका आपलासा झाला की, तो परका आहे हेच लोक विसरले. मोकळ्या मैदानात त्याच्यासारखी शोभा नाही. मात्र त्याची मुळे उथळ पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईवर वरदा चक्रीवादळ आदळले, तेव्हा हजारो झाडे उन्मळून पडली आणि त्यांत गुलमोहरासारख्या बाहेरून आणलेल्या झाडांचा भरणा मोठा होता. घराच्या छपरापासून किंवा विजेच्या तारांपासून चार हातांवर गुलमोहर लावणे म्हणजे दर पावसाळ्यात धास्ती विकत घेणे होय.

यावरून 'परदेशी ते सारे वाईट, देशी ते सारे चांगले' असा सोपा निष्कर्ष काहीजण काढतात. तोही तपासून पाहावा लागेल. देवळाच्या आवारात ज्याची फुले देवाला वाहिली जातात, तो देवचाफा मूळचा अमेरिका खंडातील आहे. आपल्या आमटीला आंबटपणा देणारी चिंच आफ्रिकेतून आली, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. या वृक्षांना परके म्हणून हाकलण्याचा विचार कोणी करणार नाही. त्याचप्रमाणे पिंपळ शंभर टक्के देशी असला, तरी घराच्या भिंतीला लागून लावण्याचे ते झाड नव्हे. मूळ देश कोणता, हा प्रश्न निश्चितच महत्त्वाचा आहे, कारण येथील पाखरे व कीटक येथील झाडांशी दीर्घकाळ जुळलेले असतात. परंतु तो एकमेव प्रश्न नाही. झाडाचा स्वभाव आणि जागेचा स्वभाव जुळतो की नाही, हा त्याहून मूलभूत प्रश्न आहे.

असा जुळणारा विचार आपल्या देशात पूर्वी झालेलाच नाही, असे नाही. १९११ मध्ये राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा झाली आणि त्यानंतर उभ्या राहिलेल्या नव्या दिल्लीच्या रस्त्यांसाठी जांभूळ, कडुनिंब, अर्जुन, चिंच अशी वर्षातील बहुतेक काळ पाने टिकवणारी झाडे निवडण्यात आली. पूर्वीच्या राजपथावर, म्हणजे २०२२ पासूनच्या कर्तव्यपथावर, जांभळाच्या रांगा आजही उभ्या आहेत. त्या सावली देतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर जांभळे विकून काही कुटुंबांची चूलही पेटते. बंगळूरची कथा याहून वेगळी आहे. गुस्टाव्ह हर्मान क्रुम्बिगेल हे जर्मन उद्यानतज्ज्ञ आधी बडोदा संस्थानात होते. १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानाच्या सेवेत गेले. एक झाड फुलून ओसरले की दुसरे फुलावे आणि वर्षातील कोणत्याही महिन्यात शहरात कोठे ना कोठे बहर असावा, अशा बेताने त्यांनी वृक्षांची योजना केली. एकाच झाडाकडून बारा महिन्यांची शोभा न मागता निरनिराळ्या झाडांमध्ये ऋतू वाटून देणे, ही त्यामागची दृष्टी होती. लहानशा अंगणालाही ती लागू पडते. एक सदाहरित, एक फुलणारे पानझडी आणि एक फळझाड एवढ्या तीन झाडांतही वर्षाचे चक्र घराच्या दाराशी येऊन उभे राहते.

मग निवड करताना काय पाहावे? पहिली गोष्ट दिशा. दुपारनंतरचे तिरपे ऊन पश्चिमेकडून भिंतीवर येते व भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते. म्हणून पश्चिमेस दाट सदाहरित झाड असणे हिताचे ठरते. दक्षिणेकडील झाडाबाबत मात्र हवामानानुसार निर्णय बदलतो. दिल्ली, भोपाळ, जयपूर अशा ठिकाणी हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि ते ऊन हवेहवेसे वाटते. तेथे दक्षिणेस गर्द सदाहरित झाड लावले, तर थंडीत घर गारठते. हिवाळ्यात पाने उतरवणारा शिरीष किंवा तुतीसारखे झाड तेथे उपयोगी पडते; थंडीत ते उन्हाला वाट देते आणि उन्हाळ्यात पुन्हा सावली धरते. मुंबई, गोवा, चेन्नई अशा किनाऱ्यावर थंडी बेताचीच असते, त्यामुळे तेथे ही चिंता नाही. म्हणजे पानगळ हा नेहमीच दोष नसतो. काही ठिकाणी तीच झाडाची सोय असते.

दुसरी गोष्ट जागा. रोपाकडे पाहून जागा ठरवू नये, पूर्ण वाढलेल्या झाडाकडे पाहून ठरवावी. झाडाचा पसारा जेवढा होणार असेल, त्याच्या निम्मे तरी अंतर भिंतीपासून सोडावे, हा साधा हिशेब बहुतेक चुका टाळतो. दहा मीटर पसरणारे झाड भिंतीपासून पाच मीटरांच्या आत लावू नये. विजेच्या तारा, पाण्याची टाकी, सांडपाण्याची नळी आणि शेजाऱ्याची हद्द यांचाही विचार त्याच वेळी करावा. वड, पिंपळ, पर्जन्यवृक्ष यांची जागा मैदानात, तळ्याकाठी किंवा रुंद रस्त्यावर आहे. दोन-तीन मीटरांच्या पट्ट्यात कामिनी, पारिजातक, तगर, कढीपत्ता, लिंबू अशी लहान झाडेच शोभतात. कण्हेरही अशा जागी छान फुलते. परंतु तिचे सर्व भाग विषारी असल्याने लहान मुले आणि गुरे असलेल्या घरी ती टाळणे श्रेयस्कर.

तिसरी गोष्ट माती व पाणी. किनारपट्टीवर खारे वारे सोसणारी उंडी हे सदाहरित झाड देखणे आणि दणकट आहे. तिच्या बियांच्या तेलावर एके काळी दिवे जळत. भरपूर पावसाच्या प्रदेशात नागकेशर, सीतेचा अशोक, सोनचाफा ही झाडे सुखाने वाढतात. कोरड्या पठारी प्रदेशात कडुनिंब, करंज आणि बहावा पाण्याचे फारसे लाड न मागता तग धरतात. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यपुष्प आणि बहावा हे केरळचे. दोन्ही पानझडी आहेत आणि दोन्ही उन्हाळ्यात फुलतात. एक जांभळट गुलाबी, तर दुसरा पिवळाधमक. मध्यम आकाराच्या अंगणात ते गुलमोहराची उणीव भासू देत नाहीत. बकुळ मात्र बहुतेक ठिकाणी जुळवून घेतो. तो सावकाश वाढतो, पण वाढल्यावर दाट छत्र धरतो आणि त्याची फुले सुकल्यानंतरही गंध सोडत नाहीत. ज्याला घाई आहे, त्याला तो रुचणार नाही. ज्याला घर टिकवायचे आहे, त्याने त्याचा अवश्य विचार करावा.

योग्य झाडही प्रमाणाबाहेर लावले तर त्रासदायक होते, हे सातविणीने दाखवून दिले आहे. सप्तपर्णी या नावानेही ओळखला जाणारा हा सदाहरित वृक्ष. त्याच्या लाकडाच्या पूर्वी लिहिण्याच्या पाट्या होत, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातही विद्येचा उल्लेख आला. शांतिनिकेतनात पदवीदान समारंभात सप्तपर्णीची पाने देण्याची प्रथा आहे. शरदातील रात्री दुरून येणारा त्याचा वास प्रसन्न वाटतो. परंतु अलीकडे दिल्ली-पुण्यासारख्या शहरांत एकाच रस्त्यावर, इमारतींच्या खिडक्यांलगत सातविणींच्या रांगाच्या रांगा लागल्या. तो गंध मग अनेकांना असह्य होऊ लागला आणि झाडाचीच बदनामी झाली. एकाच जातीच्या रांगेला आणखी एक धोका असतो. एक कीड आली की सारी रांग संकटात सापडते. मुंबईतील पर्जन्यवृक्षांवर पिठ्या ढेकणाचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा कितीतरी जुनी झाडे वाळून गेली. निसर्गातील विविधता केवळ डोळ्यांच्या सुखासाठी नसते. ती संरक्षणाचीही व्यवस्था असते.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. ज्यांच्याकडे ऐसपैस अंगण आहे, त्यांनी हा विचार करावा. दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसाचा याच्याशी काय संबंध? हा आक्षेप वरकरणी बिनतोड वाटतो. पण अंगण नसलेल्या माणसालाच सार्वजनिक झाडाची गरज अधिक असते. रिक्षाची वाट पाहणारी बाई, पदपथावर भाजी मांडणारा विक्रेता, बांधकामावरून जेवणाच्या सुट्टीत आलेला मजूर यांच्यासाठी रस्त्याकडेचा कडुनिंब हेच छप्पर असते. कोणत्या झाडाखाली दुपारी थंडावा असतो आणि कोणत्या झाडाखाली नुसती शोभा असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असते. गृहनिर्माण संस्थेच्या सभेत, शाळेच्या आवारात किंवा ग्रामपंचायतीत झाडे लावण्याचा ठराव होतो, तेव्हा या लोकांना आणि रोज झाडांना पाणी घालणाऱ्या माळ्याला कोणी विचारत नाही. रोपांची संख्या आणि छायाचित्रे यांतच कार्यक्रम संपतो. निवडीचा अधिकार एकाकडे आणि परिणाम दुसऱ्याकडे, अशी ही विषम वाटणी आहे. ती बदलायला हवी.

राहिला प्रश्न कचऱ्याचा. गळालेल्या पानाला कचरा म्हणणे ही शहरी जीवनाने लावलेली सवय आहे. शेतकरी त्याच पानाला खत म्हणतो. अंगणाच्या कोपऱ्यात एक खड्डा करून त्यात पाने टाकली, वर थोडी माती व पाणी घातले, तर काही महिन्यांत त्यांचे खत होते आणि ते त्याच झाडाच्या आळ्यात घालता येते. ज्यांना ही तसदी नको असते, ते अंगणभर फरशी बसवतात आणि झाडाच्या बुंध्यापर्यंत सिमेंट ओततात. मग पावसाचे पाणी मुळांपर्यंत पोहोचत नाही, झाड खंगते आणि वादळात कोसळते. लोक म्हणतात, झाडच कमकुवत होते. कढीपत्त्याची आणि बहाव्याची पाने अळ्यांनी खाल्लेली दिसली की अनेकजण औषधाची फवारणी करतात. त्याच अळ्यांची पुढे फुलपाखरे होतात, हे त्यांना सांगावे लागते. निर्मळ, न कुरतडलेल्या, न गळणाऱ्या पानांचे झाड फक्त प्लास्टिकचे असू शकते.

घराभोवती झाड असावे, यावर आज कोणाचे दुमत नाही. उन्हाळे तापत चालले आहेत आणि शहरांतील मोकळी जमीन आक्रसत चालली आहे. अशा काळात प्रत्येक रुजलेले झाड मोलाचे आहे. म्हणूनच चुकीचे झाड लावण्याची चैन परवडणारी नाही. ते वाढवायला दहा वर्षे जातात, तोडायला एक दिवस लागतो आणि त्या जागी पुन्हा झाड लावण्याची उमेद बहुधा उरत नाही. म्हणून रोप विकत घेण्यापूर्वी त्या जातीचे पूर्ण वाढलेले झाड परिसरात कोठे आहे, ते शोधून काढावे. भर उन्हाळ्यात, पावसाळ्यात आणि पानगळीत ते कसे असते, हे पाहावे किंवा त्याच्या सावलीत बसणाऱ्याला विचारावे. मग आपल्या जागेत ते सुखाने जगेल का, एवढा प्रश्न स्वतःला विचारावा. त्याचे उत्तर होकारार्थी आले, तर पहिले दोन-तीन उन्हाळे त्याला नेमाने पाणी घालण्याची जबाबदारी पत्करावी. पुढचे काम झाड स्वतःच करते.